मोठीच्या हाराले जोड नाही

माझ्या धाकट्या जावेचे डोळे काही फार सुंदर नव्हते. उलट डावा जरा बारीकच होता. पण त्या डोळ्यांनी तिला जे दिसायचं ते मला दिसत नव्हतं, आणि त्यावरून मी सात-आठ वर्षं तिचा मनापासून हेवा केला. दागिन्यांवरून, माहेरावरून, नवऱ्याच्या पगारावरून जावा एकमेकींवर जळतात. ते लोकांना कळतं, चार बायका समजूतही घालतात. नजरेवरून जळणाऱ्या बाईने कुणाला सांगायचं?

आम्ही दोघी मिळून कापसाची वस्त्रं करायचो. वस्त्र म्हणजे देवाच्या गळ्यात घालायची कापसाची माळ. कापूस हाताने लांबवत न्यायचा, ठरावीक अंतरावर दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा, म्हणजे मधे मधे मणी उठतात. मग पिळावर कुंकू टेकवायचं. पूजेपुरती अशी वस्त्रं घरोघरी होतात. आमचे मात्र पदरापदरांचे हार असायचे, आणि गणपती-महालक्ष्म्यांसाठी लोक मुद्दाम सांगून करून घ्यायचे. त्याला कुणी कला म्हणत नव्हतं आणि आम्हीही धंदा म्हणत नव्हतो. आम्ही नुसतं ‘हाराचं काम’ म्हणायचो, पण त्या कामाचं नाव आर्णीच्या बाहेर यवतमाळपर्यंत गेलं होतं.

ते दिवस कापसाला भाव नसलेले. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. दीर कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि जिनिंगला वर्षातले सहा महिने कुलूप. गावात दुसरा विषय नव्हता. ज्या मुलखात गाडीभर कापूस नेऊन माणूस तोंड पाडून परत येत होता, तिथे आम्ही मूठमूठ कापसाचे हार करून विकत होतो, ही गोष्ट मला अधूनमधून खायला उठायची. खरं सांगायचं तर त्यापेक्षा जाऊ जास्त खायला उठायची.

हात माझा होता, हे आधी सांगून टाकते. माझ्या आईने मला सातव्या-आठव्या वर्षी पाटावर बसवून वस्त्रं करायला शिकवली होती. माझ्या हारातला पहिला मणी आणि शंभरावा मणी शेजारी धरा, तीळभर फरक सापडायचा नाही. जाऊ लग्न होऊन ढाणकीहून आली तेव्हा तिला साधं फुलवातीचं बूडही वळता येत नव्हतं. पहिल्या चैत्रात सासूबाईंनी तिच्या हातात कापूस दिला आणि तिने केलेली माळ पाहून मी सगळ्यांसमोर हसले. एक मणी लिंबाएवढा, पुढचा तुरीच्या दाण्याएवढा. “हे वस्त्र नव्हे, बेडूक गिळलेला साप आहे,” असं मी म्हणाले. तीही हसली. तिच्यावर मोकळं हसायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

कारण दुसऱ्याच आठवड्यात बाजारात तिने मला थांबवलं. “बाई, थांबा जरा,” म्हणाली आणि भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी, तांड्यावरून आलेल्या एका बाईच्या घागऱ्याच्या काठापाशी उकिडवी बसली. ती बाई दचकली.

“काय हरवलं वं बाई तुयं?”

“हरवलं नाही, सापडलं,” जाऊ म्हणाली.

काठावर त्रिकोणांची ओळ होती, एक सुलटा, एक उलटा. असे काठ मी जन्मापासून पाहत आले होते. घरी आल्यावर तिने मला विचारलं, दोन पदर असे उलटसुलट गुंतवले तर मधे तसेच त्रिकोण सुटतील का. सुटले. त्या गणपतीत आमचे हार सगळ्यांच्या आधी संपले.

मग हे सुरूच झालं. तिच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे शिक्षा. चिखलात ट्रॅक्टरच्या चाकाचा ठसा उमटलेला असला की तो ओलांडायचा नाही, कडेने जायचं. टोपल्या विकणाऱ्याकडे टोपली घ्यायची नाही, पालथी करून तिचं बूड पाहायचं. शेजारी बियाण्याच्या रिकाम्या थैल्या जाळायला काढत, त्यांच्या नागमोडी कापलेल्या कडा ही फाडून आणायची. तिच्या खोलीत एक डालड्याचा जुना डबा होता, त्यात असलं सगळं भरलेलं. मी त्याला कचऱ्याचा डबा म्हणायचे आणि ती खाली स्वयंपाक करत असली की हळूच उघडून पाहायचे. कचराच दिसायचा. कडा कापलेली थैली, तुटका कंगवा, वाळलेली शेंग. त्या कचऱ्यातून माझ्या हाताने केलेले हार निघत होते आणि मला त्यात कचऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. त्या डब्यापाशी बसून माझ्या अंगाचा कितीदा तिळपापड झाला असेल, मोजला नाही.

देवकापसाचं झाडही तिनेच शोधलं. सासूबाईंचा हट्ट असा की देवाच्या गळ्यात शेतातला फवारलेला कापूस चालायचा नाही, देवकापूसच पाहिजे. देवकापसाचं झाड अंगणात असतं, वर्षानुवर्षं टिकतं, त्याचा धागा लांब निघतो. कापसाच्या मुलखात आम्ही ह्या कापसासाठी गावभर फिरलो. मी ओळखीच्या घरांत चौकशा केल्या, चहा प्याले. ही पशूंच्या दवाखान्यामागे लघवीला गेलेल्या पोराच्या मागून गेली आणि पडक्या भिंतीआड दोन झाडं शोधून आली. नशीब म्हणून सोडून द्यावं तर दर वेळी नशीब तिचंच कसं?

पण माझ्या वर्मी लागला तो पातीचा हार. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, फूल येण्याआधी तिकोनी हिरवी कळी धरते, तिला आमच्याकडे पाती म्हणतात. पाती गळाली की पीक गेलं. त्या वर्षांत लोकांच्या तोंडी पावसाच्या खालोखाल पातीचंच नाव. जावेने एक पाती तोडून आणली आणि माझ्यापुढे धरली. “बाई, असा मणी होईन का? तीन पाकळ्यांचा?” कापसाच्या हाराला कापसाच्याच कळीचा मणी! इतकी सोपी गोष्ट, आणि ती माझ्या सात पिढ्यांना सुचली नव्हती. मी तीन दिवस बोटं झिजवून तो मणी बसवला. मग काय! खेड्यापाड्यांतल्या बाया आल्या. पाती गळू नये म्हणून देवीला पातीचा हार. सगळ्या काय मागायच्या? “लहानीचा हार द्या.” लहानी म्हणजे धाकटी सून. एकेक मणी मोठीने वळलेला, आणि हार लहानीचा!

आता जोडीचं सांगते. आमच्या भागात महालक्ष्म्या दोन बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. एकीला जे नेसवलं ते दुसरीला, एकीच्या गळ्यात जे ते दुसरीच्याही गळ्यात. उणंअधिक चालत नाही. म्हणून महालक्ष्म्यांचे हार नेहमी दोन, अगदी सारखे. त्याला आम्ही जोड म्हणायचो. सुरुवातीला एक हार मी करायचे, एक ती. तिचा अर्थातच बिघडायचा. ती पोळ्या करायला उठली की मी तो उसवून पुन्हा वळून ठेवायचे. तिने कधी ओळखल्याचं दाखवलं नाही. जिला चिखलातला ठसा दिसतो तिला हे कसं दिसत नाही, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी आपली चडफडत मणी वळत राहिले, आणि पुढे हार करणं माझ्याकडे आणि नमुना काढणं तिच्याकडे अशी वाटणीच होऊन गेली.

एक नमुना माझा हवा, एवढंच मला पाहिजे होतं. फार नाही, एक. लोकांनी यावं आणि “मोठीचा हार द्या” म्हणावं. त्यासाठी मी मुलाची एक कोरी वही उचलली आणि ती पिशवीत घालून गावभर हिंडले. देवळाचा खांब पाहिला तर मला खांब दिसायचा. खिडकीची जाळी पाहिली तर जाळी. रांगोळीवरून हार केला तर तो रांगोळीसारखा दिसायचा आणि ती रांगोळी सगळ्यांना येत होती. शेवटी एका इमारतीच्या लोखंडी फाटकावरून एक नमुना जुळवला आणि जावेला दाखवला. तिने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“चांगला झाला, बाई,” म्हणाली. आणि मग अगदी साधेपणाने, “हे बँकेचं गेट नव्हे?”

मी म्हणाले, “नाही वं, कायले?” आणि वही चुलीत घातली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या आईचा पाय मोडला आणि ती महिनाभर ढाणकीला गेली. तो महिना आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर बैलबंड्यांची रांग लागली होती. खरेदी केंद्रावर कापूस मोजून घेत नव्हते, त्यामुळे माणसं तीन-तीन, चार-चार दिवस रांगेत बंडीखालीच झोपायची, तिथेच चूल मांडायची. मी रोज सकाळी सडा टाकायला बाहेर यायचे आणि बंड्यांकडे पाहून आत जायचे. एके दिवशी नुसतीच उभी राहिले. एका बंडीवर कापूस उंच रचलेला, त्यावर दोरखंड तिरके आवळलेले, एक ह्या अंगाने, एक त्या अंगाने. आणि दोरखंडांच्या मधून कापूस बाहेर फुगलेला, शंकरपाळ्यांच्या आकाराचा, एकाखाली एक. मागच्या टोकाला दोर थोडा सैल पडला होता, तिथे फुगवटा मोठा होऊन खाली झुकला होता.

मला हार दिसला. बंडी दिसलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी वस्तू सोडून दुसरं काही दिसलं.

“काय पाहून राह्यल्या बाई?” बंडीवाल्याने विचारलं. म्हातारा होता, दाढी वाढलेली. त्याला काय सांगणार? तुझ्या अडकलेल्या मालात मला नमुना सापडला म्हणून?

“चहा आणू का?” मी म्हटलं. त्याने मान हलवली. मी त्याला आणि पुढच्या तिघांना चहा दिला, मागच्यांना पुरला नाही. लाज वाटली, पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता.

जाऊ परत आली त्याच्या आदल्या दिवशी रांग उठली होती. म्हणजे तिने ती पाहिली नव्हती. हे मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी शिरा केला. आणि पुढचे सात महिने, होळी, पाडवा, आखाजी, नागपंचमी, मी तो नमुना पोटात ठेवून वावरले. तिला सांगितला तर ती त्यात एखादी गाठ सुचवेल, आणि मग तो तिचा होईल. तिने काही सुचवलं की ते बरोबरच असायचं, हीच तर रड होती.

श्रावणात बाभुळगावच्या एका वकिलांच्या घरून निरोप आला. त्यांच्याकडच्या महालक्ष्म्या पाहायला अख्खं गाव लोटतं. वकीलबाईंना नवा, कुठे न पाहिलेला नमुना हवा होता. निरोप होता लहानीसाठी. ‘मोठी करून देते’ असं मी परस्पर कळवलं आणि दुपारी सगळे निजले की माजघराच्या दाराला कडी घालून बसू लागले. दोन पदर तिरके, त्यांना लाल सुताचा दोर, मधून फुगणारा कापूस, पिळापिळावर कुंकू, आणि शेवटी तो सैल पडलेला एक मोठा मणी. पहिला हार झाला तो खोक्यात घालून माझ्या लोखंडी पेटीत, शालूच्या खाली लपवला. दुसरा व्हायला आणखी पंधरा दिवस लागले. तो पूर्ण झाला त्या रविवारी, दिवेलागणीला, माझ्याच्याने राहवेना. मी जावेला हाक मारली.

“पाय वं, माया हार आहे हा. माया एकटीचा.”

तिच्या हातात दिला नाही. मीच दोन बोटांवर धरून उभी राहिले. तिने वरून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाली, “बंडी. बांधलेली बंडी.” आणि तिचे डोळे भरून आले. मला ते डोळे भरून आलेले पाहायचे होते, वर्षानुवर्षं पाहायचे होते. मी हार खोक्यात ठेवून झाकण लावलं.

सोमवारी सकाळी आमच्या गल्लीतले एक गुरुजी दारात. ते बाभुळगावच्या शाळेत होते, सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. “लवकर द्या बाई, एसटी निघून राह्यली.” मी धावत जाऊन खोकं आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. “सांभाळून न्या गुरुजी, दाबू नका.” ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी होते.

त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शनिवारी संध्याकाळी गुरुजी आले ते सरळ आमच्याच ओसरीवर. सासूबाई बसल्या होत्या, जाऊ वाती करत होती.

“वकीलबाईनं निरोप देल्ला,” गुरुजी म्हणाले. “म्हणे, मोठीले सांगजा, हाराले जोड नाही म्हणा.”

जोड नाही! तोड नाही, जोड नाही, असा हार पाहिला नाही. माझे कान तापले. सासूबाईंनी चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. मी गुरुजींना चहा दिला, चिवडा दिला, पुन्हा चहा दिला. जाऊ मात्र वात तशीच हातात धरून बसली होती.

“नेमकं कसं म्हणाल्या गुरुजी?” तिने विचारलं.

“असंच. हाराले जोड नाही म्हणा.”

“अजून काही?”

“घाईत होत्या. दोनदा म्हणाल्या पण.”

तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला तो काय सांगू! लागलं का आता? दुसऱ्याचं नाव झालं की कसं होतं, कळलं का? रविवारभर मी गल्लीत घरोघर सांगत फिरले. दळणाला गेले तिथे सांगितलं, नळावर सांगितलं. जाऊ दोन दिवस वरच्या खोलीतून जेमतेम जेवायला खाली आली. मी सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणालेसुद्धा, “कुणाच्या तरी पोटात दुखून राह्यलं.”

सोमवारी ती एकटीच यवतमाळला निघाली. डोळे तपासून येते म्हणाली, धुरकट दिसतंय. आणि ओसरीवर उभी राहून तिला जाताना पाहत मी मनात म्हटलं, लागू दे चांगला जाड चष्मा. हे मी म्हटलं. ते लिहिताना आता हात जड होतो, पण तेव्हा म्हणताना जीभ अजिबात जड झाली नव्हती. ती उशिरा परत आली. “काही नाही निघालं,” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मला वाईट वाटलं, काही निघालं नाही म्हणून.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत, थोरल्या चुलतसासऱ्यांच्या घरी बसतात. म्हणून जेवणाच्या दिवशी मी बाभुळगावला जाऊ शकले. वकीलबाईंनी हळदीकुंकवाला आग्रहाने बोलावलं होतं. जावेला चल म्हटलं, तोंडदेखलं. ती म्हणाली, “तुम्ही जा बाई, मी घर पाह्यतो.” मी शालू नेसणार होते, पण उकडत होतं म्हणून नारायणपेठ नेसले.

वाड्याची पडवी बायकांनी भरली होती. वकीलबाईंनी मला पाहिलं, गर्दीतून वाट काढत आल्या आणि कुंकू लावायच्या आधीच माझा हात हातात घेतला.

“हात कसा आहे आता?”

मला काही कळेना. “बरा आहे,” मी म्हटलं.

“लहानीनं सांगतलं मले. दुसरा हार करता करता तापल्या दुधाचा गंज चुलीवरून उलटला म्हणे हातावर. मी इकडे गुरुजीजवळ निरोपावर निरोप, हाराले जोड नाही, हाराले जोड नाही. माया जीव टांगणीले लागला होता. एका महालक्ष्मीच्या गळ्यात हार अन् दुसरी कोरडी ठेवू का? सोमवारी भर दुपारी लहानी आली धावत. म्हणे, बाईच्या हाताले इजा झाली, मी केला दुसरा, गोड मानून घ्या.”

मी हात सोडवून पदराखाली घेतला. एवढं एक मला वेळेवर सुचलं.

मग मान वर करून पाहिलं. ज्येष्ठेच्या गळ्यात माझा हार होता. कनिष्ठेच्या गळ्यात तिचा. दोर तिथल्या तिथे तिरका. लाल सूत तिथल्या तिथे फिरलेलं. शेवटचा सैल मणी तसाच झुकलेला. मी दोन मिनिटं, तेही बोटांवर धरून, तेही दिवेलागणीच्या उजेडात दाखवलेला हार तिने एकदा पाहून सगळा उचलला होता. फक्त फुगवटे सारखे नव्हते. कुठे मोठा, कुठे चिमलेला. काही ठिकाणी पीळ तीनतीनदा सोडून पुन्हा दिलेला दिसत होता, तिथे कापूस हाताळून मळकट झाला होता. किती बसली असेल ती त्यावर. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, “दोन्ही अगदी सारखे आहेत नाही?” मी हो म्हटलं.

इथे मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला राग आला. एक वाक्य, फक्त एक वाक्य ती गुरुजींसमोर बोलली असती, “बाई, दुसरा हार गेला नाही वाटते,” तर सासूबाईंसकट अख्ख्या गल्लीत माझं हसं झालं असतं. मी तिच्या माळेवर हसले होते तसंच. ती बोलली नाही. मी नळावर माझी तारीफ सांगत होते तेव्हा ती वर बसून माझी चूक वळत होती. डोळे देवाने दिले म्हणून सोडून देता आले असते. हे तर तिने स्वतः होऊन केलं होतं. आणि तिच्या जागी मी असते तर? मी बोलले असते. नक्की बोलले असते, आणि दोनदा बोलले असते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मला हे स्वच्छ दिसलं. तेवढं मात्र मला दिसलं.

घरी आले, साडी बदलून ठेवायला पेटी उघडली. शालूच्या खाली खोकं. पहिला हार, जसाच्या तसा. ज्या एका हाराकडे पाहत मी पागल झाले होते, त्याच्या नादात पेटीत आणखी एक आहे हेच विसरले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो हार आता कुणाला दाखवणार? विकला तर विचारतील हा कुठून आला. घरात ठेवला तर कधीतरी कुणाच्या हाती लागेल. चार दिवस तो माझ्या पेटीत होता आणि मला पेटीकडे बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी जाऊ किराणा आणायला गेली तेव्हा मी तो काढला आणि मणी न् मणी उसवला. लाल सूत चुलीत टाकलं. कापूस बोटांनी पिंजून मोकळा केला आणि देवकापसाच्या टोपलीत मिसळून टाकला. माझ्या हातून झालेली सगळ्यात सुंदर वस्तू ती, आणि अर्ध्या तासात तिचा कापूस झाला.

जाऊ आली, पिशवी ठेवली, हात धुतले आणि वाती करायला टोपली पुढे ओढली. मी समोर बसले होते. तिने मूठभर कापूस उचलला आणि थांबली. उजेडाकडे धरला. कापूस कुठे कुठे गुलाबी होता. कुंकू पिंजून निघत नाही, हे मी विसरले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांना काय काय दिसतं ते मला ठाऊक होतं. मी मान खाली घातली आणि टोपलीतला कापूस घ्यायला हात पुढे केला.

तिने टोपली आपल्याकडे सरकवली.

“राहू द्या बाई,” ती म्हणाली, “तुमचा हात भाजला आहे नं.”

मी हात मागे घेतला.